संचातील जागा: परभणीच्या गोंधळाची घडण

कुलदेवतेला जागवण्याचा विधी आणि रात्रभर चालणारा गायन-कथनाचा खेळ या दोन्ही नात्यांनी गोंधळ मराठवाड्याच्या घरांत टिकून राहिला असला, तरी त्याच्या इतिहासाकडे प्रामुख्याने देवीभक्तीचा इतिहास म्हणूनच पाहिले गेले. गोंधळ उभा करणाऱ्या माणसांचा जो मेळ असतो, त्याची घडण कशी झाली, त्यात कोण आले, कोण गळाले आणि गेलेल्याची जागा कोणी घेतली, हा प्रश्न त्यामानाने मागे राहिला. या मेळाला अभ्यासक 'संच' म्हणतात, तर गावात आज त्याला सरळ 'गोंधळ पार्टी' म्हटले जाते. परभणी जिल्ह्यातील गोंधळाचा विचार या संचाच्या अंगाने केला, तर असे दिसते की वाद्ये बदलली, पोशाख बदलला, बिदागी धान्यातून पैशात आली, तरी संचातील काही जागा शतकानुशतके भरल्या जात राहिल्या. आणि अलीकडच्या काळात जे खरे नुकसान होत आहे ते नव्या वाद्यांच्या शिरकावाने नव्हे, तर त्यांपैकी एक जागा रिकामी पडू लागल्याने होत आहे.

परभणीचे भौगोलिक स्थान या कलेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ईशान्येला नांदेड जिल्ह्यातील माहूरची रेणुका आणि दक्षिणेला धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरची भवानी अशा दोन मोठ्या शक्तिस्थानांच्या मधल्या पट्ट्यात, गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काळ्या जमिनीवर हा जिल्हा वसलेला असल्यामुळे एकाच गावात काही घरांचे कुलदैवत तुळजाभवानी, तर काहींचे रेणुका असते. गोंधळी समाजातही दोन प्रमुख शाखा मानल्या जातात: तुळजाभवानीची सेवा करणारे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेची सेवा करणारे रेणुराई. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम हे आजचे नऊ तालुके या दोन्ही परंपरांच्या वाटेवर येतात. सरकारी नकाशा मात्र वारंवार बदलला. १९८१ मध्ये परतूर तालुका नव्या जालना जिल्ह्यात गेला आणि १९९९ मध्ये हिंगोली वेगळा जिल्हा झाला. कुळाचार अशा सीमा मानत नाही, त्यामुळे परभणीचा गोंधळ असे म्हणताना जुन्या, मोठ्या परभणीचा मुलूखही डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

गोंधळाचे दोन प्रकार परंपरेने ओळखले जातात. घरातील मंडळींनी किंवा भक्तांनी स्वतःच हातात काकडा, म्हणजे कापडाची पेटती वात, घेऊन देवीची गाणी म्हणत जो साजरा करायचा तो काकड्या गोंधळ. आणि व्यवसायाने गोंधळी असलेल्यांनी संबळ या वाद्याच्या साथीने जो घालायचा तो संबळ्या गोंधळ. पहिल्यात कोण गायचे आणि कोण वाजवायचे याचे बंधन नसते, कारण तेथे भक्तीच पुरेशी असते. दुसऱ्यात मात्र जागा ठरलेल्या असतात, त्या जागांचे शिक्षण असते आणि त्या भरण्याचा हक्कही असतो. संचाचा इतिहास म्हणून जो सांगता येतो तो या दुसऱ्या प्रकाराचाच.

या इतिहासाचा मागोवा घेताना रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनी मध्ययुगीन संस्कृत ग्रंथांतील 'गोंडली' किंवा 'गौंडली' या नृत्यप्रकाराकडे लक्ष वेधले. काकतीयांचा सेनापती जाय याने तेराव्या शतकाच्या मध्यास रचलेल्या 'नृत्तरत्नावली' या ग्रंथात या नृत्याचा उगम कल्याण नगरीतील भूतमातेच्या उत्सवाशी जोडला आहे. कल्याण म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण, चालुक्यांची राजधानी. तेथे राजा सोमेश्वर याने भिल्लीच्या वेषात नाचणारी स्त्री पाहिली आणि त्या नृत्याला दरबारी रूप मिळाले, असे ही कथा सांगते. हा सोमेश्वर म्हणजे 'मानसोल्लास' या ज्ञानकोशवजा ग्रंथाचा कर्ता, बाराव्या शतकातील भूलोकमल्ल. त्यानंतरच्या शतकात यादवांच्या आश्रयाने देवगिरीस राहिलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि त्यात गौंडलीचाही विधी दिला. कल्याण आणि देवगिरी ही दोन्ही ठिकाणे परभणीच्या मुलखाला दोन बाजूंनी जवळची आहेत, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. तरीही दरबारातील गौंडली आणि अंगणातील गोंधळ यांच्यात सरळ वंशावळ लावणे धाडसाचे ठरेल. नाव आणि देवीउत्सवाचा संदर्भ जुळतो, मधले दुवे मात्र पुसट आहेत.

शार्ङ्गदेवाचा ग्रंथ दुसऱ्या एका कारणासाठी येथे अधिक उपयोगी पडतो. वृंद, म्हणजे गायक-वादकांचा मेळ, कसा असावा याची मोजदाद त्याने दिली आहे. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, त्यांच्या सुरात सूर मिळवणारे आठ सहगायक, बारा गायिका, चार बासरीवादक आणि चार मृदंगवादक असावेत, आणि मध्यम वृंदात याच्या निम्मे, अशी ती व्यवस्था आहे. म्हणजे पुढे गाणारा आणि मागे झेलणारा हे नाते, आणि प्रत्येक जागेला ठरलेले काम, हा विचार आठशे वर्षांपूर्वी या प्रदेशात ग्रंथबद्ध झालेला होता. गोंधळाच्या संचाशी त्याची तुलना केली तर दोन गोष्टी लगेच जाणवतात. पुढचा आणि मागचा हे नाते गोंधळात जसेच्या तसे आहे. आणि ग्रंथांत जी स्त्री गायिका म्हणून वृंदात आणि नर्तकी म्हणून गौंडलीच्या केंद्रस्थानी आहे, ती गोंधळाच्या संचात नाही. गौंडलीचे गोंधळाशी नाते मान्य केले, तर संचातील हा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा बदल मानावा लागेल. मराठवाड्यात देवीची गाणी गाणाऱ्या आराधी स्त्रियांची परंपरा भक्कम आहे. ती गोंधळाच्या शेजारी नांदली, पण चौकासमोर उभे राहण्याचा व्यावसायिक मान पुरुषांकडेच राहिला.

पारंपरिक संबळ्या गोंधळाचा संच लहान असतो. त्याच्या मध्यभागी नाईक उभा असतो. मुख्य गायक, कथेकरी आणि विधीचा चालक या तिन्ही भूमिका त्याच्याकडे असतात. घोळदार अंगरखा, डोक्याला पगडी, कपाळी कुंकवाचा मळवट आणि गळ्यात कवड्यांची माळ हा त्याचा वेष असतो, आणि कवड्यांची माळ हे देवीच्या सेवेत रुजू असल्याचे चिन्ह मानले जाते. त्याच्या शेजारी साथीदार असतो, जो गाण्याचे धृपद उचलतो, कथेत हुंकार भरतो, मध्येच प्रश्न विचारतो, मुद्दाम उलटे समजून घेतो आणि श्रोत्यांच्या मनातली शंका त्यांच्या वतीने बोलून दाखवतो. मागे संबळवादक असतो. संबळ म्हणजे कातड्याने मढवलेल्या दोन असमान भांड्यांची जोडी. लहान भांडे उंच नादाचे, मोठे खर्जाचे. ही जोडी कापडाने कमरेला बांधून वादक ती उभ्याने, प्रसंगी नाचत, दोन काड्यांनी वाजवतो, आणि त्यांतल्या एका काडीचे टोक वळवलेले असते. तुणतुणेवाल्याचे वाद्य साधे असते. लाकडी नळकांड्याच्या तळाला कातडे, त्यातून निघालेली एकच तार बाजूच्या काठीला वर खुंटीवर ताणलेली, आणि त्या तारेवर रात्रभर एकाच स्वराचा ठेका. त्या एका स्वरावर बाकी सर्वांचे गाणे उभे असते. परशुरामाने बेटासुर नावाच्या दैत्याचा वध करून त्याच्या शिरापासून आणि शिरांपासून पहिले तंतुवाद्य केले व ते माता रेणुकेपुढे वाजवले, अशी कथा गोंधळी परंपरेत सांगितली जाते, तेव्हा या सर्वांत साध्या वाद्याला परंपरेने सर्वांत जुना मान दिला आहे हे स्पष्ट होते. यांखेरीज झांज वाजवणारा असतो आणि दिवटी धरणारा असतो. दिवटी ही धातूच्या दांड्याची मशाल, आणि तिला तेल पाजण्यासाठी जवळ बुधली असते. गोंधळात दिवटी हे देवीच्या उपस्थितीचे रूप मानले जात असल्यामुळे ती धरणाऱ्याकडे एकही सूर नसला, तरी त्याच्यावाचून संच पुरा होत नाही.

लग्न, मुंज, पहिले अपत्य किंवा फेडायचा नवस अशा निमित्ताने यजमानाच्या घरी संच आला की आधी चौक मांडला जातो. पाटावर कोरे वस्त्र, त्यावर धान्याची रास, कलश, पाने-सुपाऱ्या, नारळ, केळी, आणि भोवती उसाचे किंवा ज्वारीचे ताट बांधून केलेला मांडव अशी ही मांडणी असते. त्यानंतरच्या पूर्वरंगात गणेशाला आणि मग गावोगावच्या देवदेवतांना गोंधळास येण्याचे आवाहन केले जाते. या नामावळीत तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर अशी दूरची क्षेत्रे असतातच, पण यजमानाच्या शिवारातील लहान देवस्थानेही असावी लागतात. आणि प्रत्येक घराची ही यादी वेगळी असल्यामुळे ती मुखोद्गत असणे हा नाईकाच्या अधिकाराचा भाग असतो. उत्तररंगात आख्यान, म्हणजे सविस्तर लावलेली कथा, असते. हरिश्चंद्र-तारामती, श्रियाळ-चांगुणा, चंद्रहास अशा कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. शेवटी आरती होऊन विधी संपतो.

संचातील माणसांचे परस्परांशी असलेले नाते किती घट्ट विणलेले होते, याचा उत्तम पुरावा म्हणजे करपल्लवी. ही गोंधळ्यांची बोटांची सांकेतिक लिपी होय. खेळ रंगात आला की श्रोत्यांपैकी कोणीतरी एखादे नाव एका गोंधळ्याच्या कानात सांगतो. तो एक अक्षरही न उच्चारता हात हलवतो, आणि दूर उभा असलेला त्याचा जोडीदार ते नाव मोठ्याने सांगून मोकळा होतो. हे जादूसारखे भासणारे कसब मुळात वर्णमालेच्या काटेकोर शिस्तीवर उभे आहे. स्वरांसाठी नागाच्या फण्यासारखा हात, क-वर्गासाठी कमळासारखा, च-वर्गासाठी फिरत्या चक्राचा, ट-वर्गासाठी धनुष्याच्या टणत्काराचा, असे प्रत्येक वर्गाला एक हस्तचिन्ह असते. वर्ग कळला की बोटांच्या खुणेने त्या वर्गातले कितवे अक्षर हे सांगायचे आणि पुढच्या खुणेने त्याला लागणारा काना, वेलांटी किंवा उकार दाखवायचा. म्हणजे 'गंगा' म्हणायचे तर आधी कमळ, मग तीन, मग अनुस्वाराची खूण, आणि पुन्हा कमळ, तीन व काना. हे सारे चालू संबळाच्या लयीत, नाचण्याच्या ओघात, कोणाच्या ध्यानात येणार नाही इतक्या वेगाने करावे लागते. याच जातीची डोळ्यांची भाषा नेत्रपल्लवी म्हणून ओळखली जाते. औपचारिक शिक्षणापासून बव्हंशी दूर ठेवल्या गेलेल्या एका भटक्या समाजाने वर्णमालेचे हे शास्त्र हाताबोटांत साठवून ठेवावे, ही मराठी संस्कृतीने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. आणि करपल्लवी एकट्याला येऊन काहीच उपयोग नाही. ती दोघांनी मिळून, वर्षानुवर्षे एकमेकांसमोर उभे राहूनच कमवावी लागते.

संचात कोण असावे हे पूर्वी गुणापेक्षा नात्याने ठरत असे, आणि नात्यामागे हक्क असे. गावगाड्यात शेतकऱ्याला नित्य लागणारी सेवा देणारे ते बलुतेदार आणि प्रसंगाने सेवा देणारे ते अलुतेदार अशी जी विभागणी होती, तिच्या जुन्या याद्यांत गोंधळी अलुतेदारांमध्ये येतो. यजमानांची गावे कुटुंबांत वाटलेली असत, त्या गावांतील शुभकार्याचा गोंधळ त्याच कुटुंबाने घालायचा, आणि मोबदला म्हणून धान्य, शिधा, वस्त्र व चौकावरील जिन्नस घ्यायचे, अशी ही व्यवस्था होती. त्यामुळे संच म्हणजे बहुधा बाप, मुलगे, चुलते, पुतणे. म्हातारा नाईक थकला की त्याची कवड्यांची माळ थोरल्याकडे जाई, कालचा दिवटीवाला पोर झांज घेई, झांजवाला संबळ घेई, आणि प्रत्येकजण एक पायरी पुढे सरके. बदल सतत होत असे, पण संच बदलला असे कोणाला वाटत नसे.

आधुनिक शहरी वाद्यवृंदांशी येथे क्षणभर तुलना केली तर हे वेगळेपण अधिक उठून दिसते. १९८०च्या दशकात अमेरिकेत हार्डकोर पंक या वेगवान, आक्रमक गिटारसंगीतातून 'पोस्ट-हार्डकोर' नावाचा प्रवाह निघाला. त्याने मूळचा आवेश कायम ठेवून लय आणि रचनेत मोकळीक घेतली. पुढे मुंबईच्या 'स्क्राइब'सारख्या बँडमुळे त्याचा सूर महाराष्ट्रातही ऐकू आला. या जगात बँड म्हणजे विशिष्ट माणसे. वॉशिंग्टनचा 'फुगाझी' १९८७ पासून २००२ पर्यंत मंचावर राहिला आणि त्याची ओळख त्याच चार जणांशी बांधली गेली. टेक्ससचा 'ॲट द ड्राइव्ह-इन' २००१ मध्ये फुटला, तेव्हा त्यातून 'स्पार्टा' आणि 'द मार्स व्होल्टा' असे दोन वेगळ्या नावांचे आणि वेगळ्या वळणाचे बँड उभे राहिले, कारण माणसे वेगळी झाली की संगीतही वेगळे व्हावे अशी तेथे अपेक्षाच असते. गोंधळात भाऊ वेगळे निघाले तर गावे वाटली जात, पण दोन्हीकडे तोच चौक, तेच आवाहन आणि त्याच जागा राहत. एकीकडे माणसाने जागा घडवायची, दुसरीकडे जागेने माणूस घडवायचा. दोन्ही रीतींचे आपापले मोल आहे. परंतु दुसऱ्या रीतीत माणसांची नावे इतिहासात उरत नाहीत, ही तिची मोठी किंमत आहे, आणि परभणीच्या असंख्य नाईकांनी व संबळवादकांनी ती मोजली आहे.

या अनामिकांचे ऋण मराठी इतिहासलेखनावर किती आहे, हे पोवाड्यांच्या संग्रहांवरून कळते. हॅरी अ‍ॅक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील रचना जपून ठेवणारे मुख्य भांडार गोंधळ्यांचे कंठ हेच होते. देवीपुढे आख्यान लावणारा संचच वीरकथाही गात असे. नाईक, झील धरणारे साथीदार, तुणतुणे आणि तालवाद्य ही पोवाड्याच्या सादरीकरणाची रचना पाहिली तर शाहिरी फड आणि गोंधळाचा संच ही एकाच घराची दोन दालने वाटतात.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात सभा-समारंभांवर निर्बंध असताना घराच्या अंगणातील कुळाचार मात्र सभेच्या व्याख्येत बसत नव्हता, आणि मराठीतून रात्रभर चालणारी कथा गावाने एकत्र बसून ऐकण्याची जी थोडी ठिकाणे उरली होती त्यांत कीर्तनाबरोबर गोंधळाचाही वाटा असणार, असे मानण्यास जागा आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. या राजकीय बदलापेक्षा संचावर खोल परिणाम झाला तो गावगाडा विस्कटल्याचा. धान्याच्या रूपातील वार्षिक हक्क आटले, १९७२ च्या दुष्काळाने कणगीच रिकामी केली, आणि गोंधळ घालण्यासाठी 'सुपारी' देण्याघेण्याची, म्हणजे रोख रकमेवर कार्यक्रम ठरवण्याची, पद्धत रूढ होत गेली. महाराष्ट्र शासनाच्या यादीत गोंधळी समाज भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात येतो, आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांनी शिक्षण व नोकरीकडे वळणे हे न्याय्य आणि आवश्यकच होते. पण त्यामुळे बाप-मुलगा-पुतण्या ही भरतीची जुनी साखळी तुटली, आणि संच जुळवण्यासाठी लग्नसराईपुरते वादक बाहेरून बोलावण्याची वेळ आली.

याच संक्रमणाच्या काळात परभणीचे राजारामभाऊ कदम हे नाव महाराष्ट्रभर गेले. शतकानुशतके नाईकाचे नाव गावापलीकडे जात नसताना, एका गोंधळ्याला 'गोंधळमहर्षी' म्हणून ओळखले जावे, हा संचाच्या इतिहासातील मोठा पालट होता. मुंबईत इंडियन नॅशनल थिएटरच्या लोककला संशोधन केंद्रातून अशोकजी परांजपे यांच्यासारखे अभ्यासक ग्रामीण कलावंतांचा शोध घेत होते, आकाशवाणीमुळे प्रादेशिक आवाज दूरवर ऐकू येऊ लागले होते, आणि विधी म्हणून ऐकला जाणारा गोंधळ आता कला म्हणूनही ऐकला जाऊ लागला होता. राजारामभाऊंच्या नावाशी विशेष जोडले गेले ते जांभूळ आख्यान. त्याची प्रचलित कथा अशी: इंद्रप्रस्थी आलेल्या कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात हा सहावा असता तर, असा विचार येऊन जातो, कृष्णाला तो कळतो, वनात भीम एकच एक पिकलेले जांभूळ तोडतो, ते एका तपस्व्याचे अन्न असल्याचे उघड होते आणि शापाचे संकट ओढवते, प्रत्येकाने मनातले खरे सांगितले तर फळ पुन्हा देठाला लागेल, असे कृष्ण सांगतो, पाच पांडवांच्या सत्याने फळ वर चढत जाते, पण द्रौपदी कर्णाचे नाव घेईपर्यंत ते फांदीला टेकत नाही.

विवाहित स्त्रीच्या मनाचा असा ठाव घेणारी कथा लग्नघरात, सुना-लेकी, व्याही-विहिणी समोर बसलेल्या असताना सांगायची, हे केवळ संचाच्या रचनेमुळे शक्य होते. नाईक कथेची गंभीर बाजू सांभाळतो, तर साथीदार तीच गोष्ट गावाच्या बोलीत ओढून आणतो, थट्टेने ताण सैल करतो, आणि श्रोत्यांना विचारावेसे वाटूनही विचारता न येणारा प्रश्न स्वतः विचारतो. त्या प्रश्नानंतर नाईकाने दिलेले उत्तर उपदेश न वाटता संवादाचा भाग वाटते. ही कथा पुढे नागर रंगभूमीवर आली आणि शाहीर विठ्ठल उमप यांनी ती गाजवली. अनेक पात्रे एकट्याने उभी करण्याचे त्यांचे सामर्थ्य असामान्य होते, आणि जांभूळ आख्यान आज अनेकांना माहीत आहे ते त्यांच्यामुळेच. परंतु या प्रवासात संचाची जडणघडण बदलली. अंगणात दोघांत विभागलेली कथा मंचावर एका थोर कलावंताभोवती एकवटली, आणि बाकीचे साथसंगतीत गेले. रंगभूमीसाठी तो योग्य मार्ग होता. गोंधळाने मात्र तो अनुकरणासाठी घेऊ नये, असे या परंपरेचा विचार करताना वाटते.

वाद्यांतील बदल याच्या तुलनेत वरवरचे आहेत, जरी चर्चा त्यांचीच अधिक होते. भजन आणि तमाशाच्या संसर्गाने हार्मोनियम आली, ढोलकी आली, पुढे ध्वनिवर्धक आला आणि आता कीबोर्ड व ऑक्टोपॅड आले. हार्मोनियमने तुणतुण्याचा स्वर झाकला, पण नाईकाला सुराचा आधारही दिला. ध्वनिवर्धकाने संबळाचा खर्ज फुगवला, तरी शंभर पावलांवरच्या म्हातारीपर्यंत आख्यानाचा शब्द पोहोचवला. जी परंपरा परशुरामाच्या कथेपासून एकेक वाद्य जोडत आली, तिने आणखी एक जोडले म्हणून तिचा ऱ्हास होत नाही. ऱ्हास होतो तो विधीची रात्र आखडून दोन तासांवर येते तेव्हा. मंगल कार्यालयाची वेळ संपत आलेली असते, आवाहनाची यादी छाटली जाते, आख्यान गाळून चार लोकप्रिय गाणी म्हटली जातात, आणि आख्यानच नसेल तर साथीदाराला बोलायला काही उरत नाही. मग सुपारीच्या रकमेत भागवण्यासाठी पहिला कमी होतो तो तोच. त्याच्याबरोबर हुंकार जातो, उलट प्रश्न जातो आणि करपल्लवीही जाते, कारण ती वाचायला समोर जोडीदार नसतो.

या कलावंतांना शासनाचा आधार मिळतो तो व्यक्ती म्हणून. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मासिक मानधन देण्याची महाराष्ट्र शासनाची योजना १९५४-५५ पासून चालू आहे, आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ओळखली जाते, आणि २०२४ मध्ये तिची रक्कम महिना ५,००० रुपये करण्यात आली. उतारवयातील नाईकाला किंवा संबळवादकाला तिचा उपयोग निश्चितच होतो. परंतु अर्ज एका माणसाचा असतो, शिफारस एका माणसाची होते, पुरस्कार आणि ध्वनिमुद्रणेही एका नावावर जातात. नाईक आणि साथीदार या जोडीने शिकण्यासाठी, दोन तरुणांनी एका जुन्या जोडीजवळ बसून एक आख्यान दोन्ही बाजूंनी पाठ करण्यासाठी लागणारी तरतूद या चौकटीत बसत नाही. परभणी, जिंतूर किंवा गंगाखेडच्या परिसरात आज पूर्ण रात्रीचे आख्यान लावू शकणारे जे नाईक असतील, त्यांच्याकडून ते टिपून घेताना साथीदारालाही ध्वनिमुद्रकासमोर बसवणे आणि त्याचे प्रश्न संहितेत त्याच्या नावासह नोंदवणे, हे संग्राहकांना करता येण्यासारखे पहिले काम आहे.